वालाच्या उसळीतला ओवा

बिरडं करायचं ठरलं की आमच्या घरी त्याची तयारी दोन दिवस आधी सुरू होते. पहिल्या दिवशी सकाळी कडवे वाल पाण्यात पडतात. रात्री ते उपसायचे, पाणी मोरीत ओतून द्यायचं आणि वाल ओल्या फडक्यात गच्च बांधून पातेल्यात झाकून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फडकं सोडलं की पांढरे मोड डोकावत असतात. मग वाल कोमट पाण्यात घालून सगळ्यांनी सोलायला बसायचं. दाणा चिमटीत धरून दाबला की सालातून सुळकन निसटतो आणि कधीकधी पलीकडच्याच्या मांडीवर जाऊन पडतो. शेवटी कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद आणि आई कधीही न विसरणारा चिमूटभर ओवा. तोही तळहातावर चोळून.

"ओवा राहिला तर वाल बाधतात," एवढंच ती सांगते. वाल बाधतात म्हणजे पोटात नेमकं काय होतं आणि बडीशेपेहून बारीक असलेला तो दाणा त्यावर काय करतो, हे मी तिला एकदा विचारलं. "अगं, ते तुझ्या आजीला विचारायला हवं होतंस," म्हणाली. आजीला विचारायचं राहून गेलं. त्यात पस्तिशीनंतर रात्रीची जेवणं झाली की माझं पोट डब्ब होऊ लागलं आणि मी सगळा दोष वालांवर टाकून मोकळी झाले. या प्रकरणातला बराचसा शोध त्या काळातला आहे.

आधी शब्दांचं बघू. मराठीत या दुखण्याला किती शब्द आहेत! पोट फुगतं, डब्ब होतं, गुबारा धरतो, तडस लागते, पोटात गुडगुडतं, करपट ढेकर येतात, वारा सरत नाही. हे सगळे वेगवेगळे अनुभव आहेत. आता त्या सगळ्यांच्या जागी 'गॅस झालाय' एवढंच उरलंय आणि त्यामुळे उपायांचाही घोळ होतो. ढेकरांमधली हवा बहुतेक वेळा गिळलेली असते: घाईघाईने जेवताना, बोलत बोलत खाताना, च्युइंगगम चघळताना ती आत जाते. तिच्यावर ओवा काही करू शकत नाही, सावकाश जेवणं करू शकतं. वारा सरतो तो मुख्यतः मोठ्या आतड्यात तयार झालेला वायू. आणि पोट फुगल्याची भावना ही तिसरीच गोष्ट. तिचं मूळ पुष्कळदा वायूच्या प्रमाणात नसतं. ते कुठे असतं, त्याकडे पुढे येते.

निरोगी माणसाचा वारा दिवसातून दहा ते वीस वेळा सरतो आणि यात काहीही बिघडलेलं नसतं. या वायूत नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, थोडा ऑक्सिजन आणि काही जणांच्या बाबतीत मिथेन असतो. यातल्या एकालाही वास नाही. वास येतो तो गंधकाच्या संयुगांमुळे आणि त्यांचं प्रमाण अगदी नगण्य असतं. लोक ज्या गोष्टीची सर्वांत जास्त लाज बाळगतात, ती सगळ्या वायूचा इतका लहान हिस्सा आहे.

आता वाल. वाल, पावटे, चवळी, हरभरे, राजमा, वाटाणे, सगळ्या कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बास्कोज नावाच्या शर्करा असतात. झाडाने त्या बीसाठी साठवलेल्या असतात. बी वाळताना तिच्या पेशी शाबूत राहाव्यात आणि रुजण्याची वेळ आली की पहिल्या काही दिवसांचं खाणं हाताशी असावं, अशी ही तरतूद. या शर्करांचे दुवे तोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर लागतं. ते माणसाच्या लहान आतड्यात नाही. कोणाच्याच नाही, त्यामुळे 'माझंच पोट नाजूक' असं मानायचं कारण नाही. या शर्करा न पचता मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथे त्यांची वाट बघत असलेले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. त्या आंबण्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. गुडगुड तिथली.

हे कळल्यावर मला आईच्या दोन दिवसांच्या खटाटोपाचा अर्थ लागला. या शर्करा पाण्यात विरघळतात. भिजवल्यावर त्यांचा काही भाग पाण्यात उतरतो आणि ते पाणी ओतलं की तो भाग मोरीत जातो. मोड येताना तर दाणा स्वतःच आपला साठा खायला लागतो, कारण तो साठा होताच त्यासाठी. आपण खायच्या आधी वाल खातो, असं म्हणा ना. प्रेशर कुकरच्या शिट्यांनी मात्र या शर्करांचं फारसं बिघडत नाही. त्या उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणून न भिजवलेले छोले चार शिट्या जास्त देऊन मऊ करता येतात, पण हलके करता येत नाहीत. 'पाण्यात जीवनसत्त्वं जातात, ते ओतू नका' असा सल्ला हल्ली बरेच जण देतात. थोडी जीवनसत्त्वं जातात हे खरं. पण ज्याचं पोट कडधान्याने फुगतं त्याने ते पाणी बिनदिक्कत ओतून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इडलीचं पीठ रात्रभर आंबतं तेव्हाही हेच होतं: जिवाणूंनी करायचं ते काम पोटाऐवजी पातेल्यात उरकतं.

म्हणजे ओवा कढईत पडण्याच्या आधीच अर्धी लढाई झालेली असते. मग ओवा कशासाठी?

त्याचं उत्तर मिळायला एक वेगळाच प्रयोग समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत मिनियापोलिसला मायकेल लेव्हिट नावाच्या डॉक्टरांनी जन्मभर आतड्यातल्या वायूचा अभ्यास केला. आतड्यात वायू किती असतो हे मोजायला त्यांनी एक युक्ती काढली. नळीतून लहान आतड्यात आरगॉन हा निष्क्रिय वायू सोडायचा आणि त्याच्या रेट्याने बाहेर येणारा सगळा वायू गोळा करून मोजायचा. १९७१ साली त्यांनी दाखवलं की उपाशी माणसाच्या आतड्यात एरवी दोनशे मिलिलिटरहून कमीच वायू असतो. चहाचा एक कप भरेल एवढा. पुढे १९७५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतत पोट फुगण्याची, दुखण्याची तक्रार करणारे लोक आणि धडधाकट लोक यांची तुलना केली. सगळ्यांना वाटत होतं की तक्रार करणाऱ्यांच्या पोटात भरपूर वायू निघेल. निघाला नाही. दोन्ही गटांत तो जवळजवळ सारखाच होता. फरक दिसला तो वेगळ्याच ठिकाणी: आरगॉन आत सोडल्यावर तक्रार करणाऱ्यांना जास्त दुखलं आणि त्यांच्यात तो वायू पुढे सरकण्याऐवजी मागे जठराकडे परतत होता.

बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी या धाग्याचा पुढे पिच्छा पुरवला. फेर्नांदो आस्पिरोस आणि हुआन मालाजेलादा यांच्या गटाने सीटी स्कॅन करून पाहिलं की पोट खरोखर पुढे येतं तेव्हा आत काय घडतं. काही रुग्णांत वायूचं प्रमाण जेमतेम वाढलेलं असतं, पण श्वासपटल खाली उतरतं आणि पोटाची पुढची भिंत सैल पडते. निरोगी माणसात याच्या उलट होतं. तेव्हा पोट फुगल्यासारखं वाटणं म्हणजे पुष्कळदा वायू जास्त असणं नसतं. तो अडणं, त्याची हालचाल बेताल होणं आणि आतड्याला तो जरा जास्तच जाणवणं, असं ते असतं. याच गटाने हेही दाखवलं आहे की माणूस उभा असताना वायू आडवं पडलेल्यापेक्षा लवकर पुढे सरकतो. जेवण झाल्याबरोबर सोफ्यावर आडवं होण्यापेक्षा शतपावली घालावी, हे आपण ऐकत आलोच आहोत.

आयुर्वेदाने ओवा, हिंग, बडीशेप यांच्या कामाला जो शब्द वापरला आहे तो इथे फार नेमका बसतो: वातानुलोमन. अनुलोम म्हणजे आपल्या दिशेने, केसांच्या वळणाने. वाऱ्याला त्याच्या योग्य वाटेने जाऊ देणं. वायू मारणं, शोषून घेणं, नाहीसा करणं असं काही त्या शब्दात नाही. आणि ही झुडपं आतड्यात जे करतात असं आज वाटतं, तेही हेच आहे.

ते कसं, हे पाहायला बडीशेपेचा एक दाणा घ्या. खरं तर ती बी नव्हे, सुकलेलं फळ आहे. ते उभं फुटून त्याचे दोन भाग होतात. एका भागाला धारदार पात्याने आडवा छेद देऊन चांगल्या भिंगाखाली धरलं की कडेने पाच शिरा दिसतात आणि त्यांच्या मधल्या घळींत तपकिरी ठिपके. बाहेरच्या बाजूला चार आणि आतल्या सपाट बाजूला दोन. ते ठिपके म्हणजे तेलनळ्या. बडीशेपेचा सगळा गंध त्या सहा नळ्यांत भरलेला असतो. ओवा, जिरं, धने, शहाजिरं, शेपू हे सगळे याच कुळातले, छत्रीसारखी फुलं येणारे. हिंगाचं झाडही त्यातलंच, आणि गाजरही. प्रत्येकाच्या नळीतलं तेल निराळं: ओव्यात थायमॉल, बडीशेपेत ॲनेथोल, जिऱ्यात क्युमिनाल्डिहाइड, शेपूच्या दाण्यात कार्व्होन. ओवा तळहातावर चोळला की वास येतो तो याच नळ्या फुटल्यामुळे. आणि ही द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. त्यामुळे फोडणी ही नुसती चवीची बाब राहत नाही. गरम तेलाने दाण्यातला अर्क ओढून घेऊन तो सगळ्या पातेल्यात पसरवण्याची ती पद्धत आहे.

या तेलांचा परिणाम होतो तो आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूवर. स्नायू आवळायचा तर त्याच्या पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं. यातली कित्येक तेलं ती वाट अरुंद करतात आणि स्नायू सैल पडतो. आवळून बसलेल्या नळीत अडकलेला वायू मग पुढे सरकतो. मात्र हे ज्ञान बहुतांशी प्रयोगशाळेतलं, प्राण्यांच्या आतड्याच्या पट्ट्या द्रावणात टांगून मिळवलेलं आहे. पट्टी सैल पडली म्हणून चिमूटभर ओव्याने माणसाचं पोट तेवढंच सैल पडेल असं धरून चालत नाही. माणसांवरचे पुरावे पाहावे लागतात आणि ते प्रत्येक वनस्पतीचे सारखे भक्कम नाहीत.

सर्वांत भक्कम पेपरमिंटच्या तेलाचे. चिडखोर आतड्याच्या (आयबीएसच्या) रुग्णांवर झालेल्या १२ चाचण्यांचा, ८३५ रुग्णांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन जणांना हे तेल दिलं की त्यातल्या एकाला नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त आराम पडतो, असं दिसलं. पोटाच्या औषधांत हा आकडा चांगलाच म्हणायचा. पण २०२० मध्ये नेदरलँड्समधली एक नीट आखलेली चाचणी आली आणि तिने उत्साह थोडा कमी केला: ठरवलेल्या मुख्य कसोटीवर तेल उतरलं नाही, दुखणं आणि अस्वस्थता यांच्या इतर मोजमापांत मात्र फायदा दिसला. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात पेपरमिंट सुचवलं आहे, पण हात राखूनच.

इथे आपली एक गफलत होते. पेपरमिंट म्हणजे आपल्या चटणीतला पुदिना नव्हे. आपल्या बाजारात जुडी मिळते ती बहुतेक स्पिअरमिंटची. तिचा मुख्य गंध कार्व्होनचा, शेपूच्या दाण्यातलाच तो. पेपरमिंट हा स्पिअरमिंट आणि पाणपुदिना यांचा संकर, आणि त्यात मेंथॉल. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मैलोन्‌मैल पिकतो तो 'मेंथा' तिसराच, मेंथॉल काढण्यासाठीचा. शिवाय चाचण्यांमध्ये दिलेलं तेल अशा कॅप्सूलमध्ये असतं जी जठरात विरघळत नाही, पुढे आतड्यात उघडते. तसं केलं नाही तर मेंथॉल अन्ननलिकेच्या तळाचा झडपेसारखा स्नायूही सैल करतो आणि छातीत जळजळतं. पुदिन्याची चटणी जरूर खावी, ताकात पुदिना जरूर घालावा, पण त्या चाचण्यांचं श्रेय त्याला देऊ नये. आणि ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी पेपरमिंटच्या वाटेला न गेलेलंच बरं.

बडीशेप आणि तिची बहीण बाळंतशोपा यांची गोष्ट घरोघरची आहे. बाळंतिणीला जेवणानंतर चिमूटभर भाजलेल्या बाळंतशोपा खायला द्यायच्या, हा रिवाज अजून टिकून आहे. बाळंतशोपा म्हणजे शेपूचे दाणे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला १८५१ मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी तान्ह्या मुलांसाठी ग्राइप वॉटर तयार केलं, त्यातही शेपूचंच तेल होतं. सोबत खाण्याचा सोडा, साखर आणि अल्कोहोलही होतं. बाळं शांत होत, यात नवल नाही. अल्कोहोल आता नसतं. बडीशेपेच्या तेलावर सेंट पीटर्सबर्गमध्ये पोटदुखीने रडणाऱ्या १२५ तान्ह्या मुलांची चाचणी झाली. २००३ साली तिचे निष्कर्ष आले: तेल दिलेल्यांपैकी ६५ टक्के मुलांचं रडणं ठरलेल्या मर्यादेखाली आलं, खोटं औषध दिलेल्यांत २४ टक्के मुलांचं. आकडे चांगले आहेत. तरीही मी हे वाचून कोणत्याही आईला बाळाला बडीशेपेचं पाणी पाजायला सांगणार नाही. चाचणीतलं तेल मोजून-मापून पातळ केलेलं होतं, आपल्या वाटीतलं तसं नसतं. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, पाणीही नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात वावडिंगाचं पाणी, गुटी आणि ग्राइप वॉटर सगळं आलं. बहुतेक बाळांचं हे रडणं तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचा पातळ लेप लावतात, त्याने आतल्या वायूवर काही होतं असा पुरावा नाही. पण आजीचा ऊबदार हात पोटावरून फिरतो, त्याचं मोल कमी नाही.

हिंगाबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं. एखाद्याला कुणी हिंग लावूनही विचारत नाही असं आपण म्हणतो, आणि ज्या हिंगाशिवाय आपली आमटी होत नाही तो हिंग कुठून येतो हेही क्वचितच कुणी विचारतं. तो इराण आणि अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरांतून येतो. झाडाच्या जाड मुळाला चीर देऊन त्यातून पाझरणारा चीक गोळा करतात, तो वाळला की हिंग. वास गंधकाच्या संयुगांचा, कांदा-लसणीच्या नातलगांचा. शतकानुशतकं तो विकत आणणाऱ्या आपल्या देशात त्याची पहिली शेतातली लागवड झाली १५ ऑक्टोबर २०२० रोजी, हिमाचल प्रदेशात लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावी. पालमपूरच्या हिमालयन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने ती केली. झाडाला चीक धरायला साधारण पाच वर्षं जातात.

वाण्याकडची डबी उघडून पाहा. तिच्यावरच्या बारीक अक्षरांत डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ लिहिलेलं असतं. शुद्ध चीक इतका उग्र असतो की तो असा मिसळूनच विकतात, त्याला बांधानी हिंग म्हणतात. ज्यांना गव्हातलं ग्लूटेन अजिबात चालत नाही अशा सिलिअॅकच्या रुग्णांनी ही डबी वाचूनच घ्यावी. भारतात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा चाचणीत अपचनाची तक्रार असलेल्या ४३ जणांपैकी सुमारे निम्म्यांना महिनाभर हिंगाचा खास तयार केलेला अर्क दिला आणि त्यात फुगणं, अपचन कमी झाल्याचं दिसलं. ४३ माणसं म्हणजे फार नव्हेत. हिंगाचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याला चाचणीची गरज नाही. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान नावाच्या शर्करा असतात. त्याही आपल्याला पचत नाहीत आणि संवेदनशील पोटांना वालांइतक्याच छळतात. कांदा-लसूण सोडली तर स्वयंपाकाला हिंग ती चव बरीचशी परत देतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांना हे कधीपासून माहीत आहे. लसणीवाचून ज्यांचं होतच नाही त्यांच्यासाठी एक युक्ती आहे: फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. लसणीच्या पाकळ्या तेलात तळून, काढून टाकून, त्या तेलाची फोडणी दिली तर वास मिळतो आणि शर्करा पाकळीबरोबर बाहेर जाते. पाकळी आमटीत राहू दिली तर मात्र ती रसात उतरणार.

ओव्याकडे परत येते. ओवा हा थायमॉलचा खजिना आहे. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढत. आतड्यातल्या हुकवर्मवर तेव्हा ते महत्त्वाचं औषध होतं. युद्ध सुरू झालं आणि जगात थायमॉलची टंचाई झाली. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं 'ओव्याचं फूल' म्हणजे तेच. ते, पुदिन्याचं फूल आणि कापूर हे तीन कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवले की पाहता पाहता त्यांचं पाणी होतं. कुठलंही द्रव न घालता. अमृतधारा म्हणतात ती हीच. लहानपणी हे बघताना जादू वाटायची. पण त्यातला कापूर मुलांच्या पोटात थोडा जरी गेला तरी झटके येऊ शकतात, म्हणून ती बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. साध्या ओव्याचं तसं नाही. पाव चमचा ओवा, चिमूटभर मीठ, कोमट पाणी, एवढं पोट जड झाल्यावर घेतलं तर बहुतेकांना बरं वाटतं. माणसांवरचे मोठे प्रयोग ओव्याच्या वाट्याला आलेले नाहीत, त्यामुळे मी याला सोय म्हणते, इलाज म्हणत नाही. मूठभर चघळला तर घसा आणि जठर जळतं.

आल्याची गंमत निराळी आहे. तैवानमध्ये २४ निरोगी माणसांना १.२ ग्रॅम आलं देऊन जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं तेव्हा तो वेळ निम्म्यावर आला. मग अपचनाच्या ११ रुग्णांवर तसंच करून पाहिलं. जठर लवकर रिकामं झालं, पण पोटाच्या तक्रारींत फरक पडला नाही. यंत्रात दिसतं ते माणसाला जाणवतंच असं नाही, हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारे निष्कर्ष मला फार आवडतात. इसबगोलाबद्दलही एक चांगला प्रयोग इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला झाला. वायू करणारी एक शर्करा चिडखोर आतड्याच्या १९ रुग्णांना पाजली आणि एमआरआयने मोठ्या आतड्यातला वायू मोजला. सोबत इसबगोल दिल्यावर तो बराच कमी भरला. इसबगोल स्वतः फारसं आंबत नाही हा त्याचा गुण. एरवी गव्हाचा कोंडा खाऊन पोट फुगलेली माणसं 'मला फायबर सोसत नाही' म्हणून इसबगोलही टाळतात. ते टाळू नये, थोड्यापासून सुरुवात करावी आणि पाणी भरपूर प्यावं.

हिंग्वाष्टक चूर्णाचा उल्लेख इथे हवाच. सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, दोन प्रकारची जिरी आणि आठवा हिंग. अष्टांगहृदयात ते जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, तुपात कालवून घ्यायला सांगितलं आहे. तेलात विरघळणारी द्रव्यं तुपातून द्यायची, ही समज मला महत्त्वाची वाटते. गरम पाण्याबरोबर फक्की मारली तर ती बाजू हरवते. रक्तदाब असणाऱ्यांनी त्यातलं सैंधव हिशेबात धरावं.

आणि खाण्याचा सोडा. तो वनस्पतीतून येत नाही, पण प्रत्येक घरात असतो म्हणून लिहिते. सोडा पाण्यातून घेतला की मोठा ढेकर येतो आणि 'गॅस निघाला' म्हणून बरं वाटतं. तो गॅस पोटात आधीपासून नव्हताच. सोडा जठरातल्या आम्लाला भेटला की तिथल्या तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तोच बाहेर पडतो.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते ती. छातीच्या मधोमध किंवा बेंबीच्या वर कोंडल्यासारखं होतंय, घाम सुटलाय, मळमळतंय, जबडा किंवा डावा हात दुखतोय, चालताना दम लागतोय, आणि घरातले ओवा, सोडा, हिंगाचं पाणी देत बसलेत, असं आपल्याकडे होत राहतं. हृदयविकाराचा झटका, विशेषतः हृदयाच्या खालच्या भागातला, हुबेहूब गॅससारखा वाटू शकतो. स्त्रियांत आणि मधुमेह्यांत तर कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसती अस्वस्थता असते. अशा वेळी ओव्याने ढेकर आला, थोडं बरं वाटलं, तरी थांबू नये. ईसीजी निघेल तिथे लगेच जावं. त्या पहिल्या तासाची किंमत मोठी असते. तसंच वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, उलट्या होत असतील, काविळीसारखं दिसत असेल तर चूर्णांचा मार्ग सोडून डॉक्टरकडे जावं. आणि पन्नाशी उलटलेल्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं, दोन-तीन आठवडे उतरलंच नाही, थोडं खाऊनही भरल्यासारखं वाटत राहिलं, तर बीजकोशाची तपासणी करून घ्यावीच. 'वयामुळे गॅस होतो' म्हणत कित्येक बायका हे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. हे वाचणाऱ्या मुलींनी आपल्या आईला विचारावं.

माझ्या बाबतीत असं काही नव्हतं. डॉक्टरांनी तपासून एक वही ठेवायला सांगितली. काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं होतं, एवढंच लिहायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की वालाच्या दिवशी आणि नसलेल्या दिवशी रात्रीच्या नोंदींत फरक नाही. रोज येत होतं ते वेगळंच काहीतरी: झोपताना घेतलेलं पेलाभर दूध. दुधातली लॅक्टोज ही शर्करा फोडणारं विकर लहानपणी भरपूर असतं, मोठेपणी आपल्यापैकी पुष्कळांत ते कमी होत जातं, उत्तरेपेक्षा दक्षिण भारतात जास्त. मग ती शर्करा वालातल्या शर्करेच्याच वाटेने मोठ्या आतड्यात जाते. विरजणाचे जिवाणू त्यातली काही आधीच खातात, म्हणून ताक सोसतं आणि दूध सोसत नाही, असं होऊ शकतं.

दुसऱ्या आठवड्यात दूध बंद केलं, जेवणानंतर जिरेपूड आणि किसलेलं आलं घातलेलं ताक सुरू केलं. बाकी काही बदललं नाही. बिरडंही नाही, त्यातला ओवाही नाही. त्या आठवड्यातल्या गुरुवारच्या पानावर लिहिलंय: 'दुपारी बिरडं, भात, दोनदा वाढून घेतलं. रात्री पोट मऊ.'